जस्ती बादली

सातवा अणू जोडला गेला आणि वलय पूर्ण झालं, तेव्हा तिचा हात माउसवर जागच्या जागी थांबला. काळ्या पडद्यावर फिकट ठिपके होते. त्यातल्या सात ठिपक्यांचं ते वलय मधोमध किंचित मोडलेलं होतं, उघडून पालथ्या ठेवलेल्या पुस्तकासारखं. त्याच्या दोन्ही अंगांना सहा-सहांची दोन सपाट वलयं, एका बाजूने निघालेली शेपटी, आणि त्या शेपटीत खुर्चीसारखं वाकलेलं आणखी एक. हे चित्र तिने आधी पाहिलं होतं. पाहिलं होतं म्हणजे स्वतःच्या हाताने काढलं होतं, दवाखान्याच्या बाकावर बसून, औषधाच्या खोक्यातून निघालेल्या घडीच्या कागदामागे, आईला समजावून सांगायला. आईने ते डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं होतं आणि म्हणाली होती, "एवढंसंच आहे होय? आणि एवढ्याशाने माझा मुलगा माणसात येणार?" आता तेच समोर होतं, आणि ते तिच्या घरच्या बाथरूममधल्या बादलीतून आलं होतं. खोलीत यंत्राचा पंखा एका सुरात घुमत होता. उठून पाणी प्यावं असं तिला वाटलं. पण ती उठली नाही, कारण खुर्चीचा आवाज झाला की शेजारच्या खोलीतली पावडरवाली आत येणार आणि "काय गं, निघालं का तुझं रत्न?" म्हणून विचारणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पावडरवाली म्हणजे पलीकडच्या यंत्रावरची बाई. तिच्याकडे वस्तू कुटून, पावडर करून तपासतात; हिच्याकडे एकच खडा, मिठाच्या कणाएवढा, केसाएवढ्या बारीक फाशात अडकवून क्ष-किरणांपुढे फिरवत ठेवतात आणि त्याच्या आत कोण कुणाशेजारी बसलंय ते शोधतात. या दोन खोल्यांतलं भांडण दोघींच्या पांढऱ्या केसांइतकंच जुनं आणि तेवढंच निरुपद्रवी होतं. "तुमचं आपलं बरं आहे," पावडरवाली म्हणायची, "एका खड्यापुढे हात जोडून बसायचं. आमच्याकडे घातला खलबत्त्यात की झालं." म्हणूनच काल संध्याकाळी हिला राहवलं नव्हतं. बादलीतल्या खड्याची पहिली मापं आली आणि ती उठून, खरं म्हणजे जवळजवळ धावत, शेजारी सांगायला गेली. स्फटिकात एकच नक्षी पुन्हा पुन्हा येत राहते, आणि त्या नक्षीचं सर्वांत लहान घर केवढं हे आधी कळतं. जस्त आणि आम्ल यांचं साधं मीठ असतं तर ते घर चिमुकलं निघायला हवं होतं. इथे ते चांगलं ऐसपैस निघालं होतं. "आत कुणीतरी मोठं माणूस राहतंय!" ती पावडरवालीला म्हणाली होती, अगदी हात उडवून. "आणि कुठल्याही यादीत नाही. नवीन आहे बाई, कोरं करकरीत! आमच्या बाथरूममध्ये उगवलंय!" दोघी पोट धरून हसल्या होत्या. ते हसणं आठवून आता तिला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं.

तसं पाहिलं तर दोष त्या बादलीचा. जस्ती पत्र्याची, आईच्या वेळची, एक कान तुटलेली, पाणी भरायला कधीच निकामी झालेली. फेकवत नाही अशा वस्तूंना प्रत्येक घरात एक कोपरा मिळतो. बादलीला बाथरूमचा मिळाला होता. फरशी घासायच्या आम्लाची बाटली आणि दोन ब्रश तिच्यात उभे असत. बाटलीचं झाकण चिरलेलं होतं, ते बदलायचं म्हणता म्हणता राहून गेलेलं. सुट्टीच्या सकाळी तिने बाटली उचलली तर तळाला बोटभर गढूळ पाणी होतं आणि त्यात काहीतरी लुकलुकलं. दुसरी कुठलीही बाई ते नळाखाली धरून मोकळी झाली असती. हिने बादली खिडकीशी नेली. तळाशी पिवळसर, स्वच्छ खडे होते, कडा अशा की कुणी पट्टी लावून कापल्यात. जस्त आहे, आम्ल आहे, दुसरं काय होणार, असं तिच्या मनात आलं. पण जन्मभर खडे बघितलेल्या बाईला इतका देखणा खडा सोडवतो थोडाच? तिने भुवया कोरायच्या चिमट्याने एक उचलून बशीत ठेवला. चहा उकळेपर्यंत तो शिजलेल्या माशाच्या डोळ्यासारखा पांढरा पडला. म्हणजे याच्या आत पाणी आहे, आणि ते पाणी निघून गेलं की हा कोसळतो. मग तिने डोळ्यांत घालायच्या औषधाची रिकामी बाटली धुतली आणि दुसरे दोन-तीन खडे त्यांच्याच गढूळ पाण्यासकट तिच्यात भरले.

दादा दारात उभा होता. तिला आता नेमकं आठवत होतं, तो चौकटीला टेकून उभा होता आणि त्याचा एक हात सदऱ्याच्या खिशात होता. "काय नेतेस, बारके?" त्याने विचारलं. ती पन्नाशीला टेकली तरी घरात बारकीच होती, कारण तो तिच्याहून सहा वर्षांनी मोठा होता. "खडे. आपल्या बादलीत उगवलेत." "त्यांचं काय करणार?" "बघणार आत काय आहे ते." "कळतं?" तेव्हा ती मान वर करून मोठ्या तोऱ्यात म्हणाली होती, "सगळं कळतं." तो हसला होता. ते हसणं तिने कौतुकाचं धरलं होतं.

पडद्यावर मधोमध जस्ताचा अणू होता आणि त्याच्या चार कोपऱ्यांना चार क्लोरीन, पलंगाच्या चार पायांसारखे चोख. ते सर्वांत आधी दिसले होते, कारण जड अणू क्ष-किरणांना ठळक दिसतात. जस्त बादलीचं, क्लोरीन बाटलीतल्या आम्लाचा, आणि त्यांच्या शेजारी पसरलेलं हे गोळीतलं औषध. आम्लाने गोळी विरघळवली, त्याच आम्लाने बादलीचं जस्त खाल्लं, मग उन्हाळ्याच्या उष्म्यात पाणी आटत गेलं आणि या तिघांनी एकमेकांना धरून ठेवलं. रसायनात काही चमत्कार नव्हता. प्रयोगशाळेत कुणी मुद्दाम करायला बसला असता तर याहून वेगळं काही केलं नसतं. राहता राहिला एकच प्रश्न, की गोळ्या बादलीत गेल्या कशा. आणि त्याचं उत्तर तिला सातवा अणू जोडताक्षणीच कळलं होतं. घरात माणसं दोनच होती, आणि त्या गोळ्या त्यातला एकच जण घेत होता.

हातांना सवय असते. डोकं घरी गेलेलं असतानाही ते काम करत राहिले. आता हायड्रोजन बसवायचे होते. हायड्रोजन ही मोठी लाजरी जात. क्ष-किरणांना दिसतात ते इलेक्ट्रॉन, आणि याच्यापाशी तो एकुलता एक, तोही शेजाऱ्याने ओढून घेतलेला. त्यामुळे तो दिसतो न दिसतो. हल्लीचे लोक एक बटण दाबतात आणि प्रोग्राम सगळे हायड्रोजन जिथे असायला हवेत तिथे बसवून देतो. बहुतेक वेळा ते तिथेच असतात. तिला हे कधी पटलं नव्हतं. "असायला हवा आणि आहे यात फरक आहे," असं तिने कितीतरी जणांना सुनावलं होतं. ती प्रत्येक वेळी सगळे अणू वजा करून उरलेला अंधूक गाळ शोधत बसे आणि त्यात तो एवढासा फुगवटा सापडला तरच हायड्रोजन लिही. यासाठी तिचं नाव होतं, आणि यासाठीच तिला दूरच्या देशातल्या एका प्रचंड यंत्रावर तीन वर्षांसाठी बोलावलं होतं. आणि घरात? घरात तिने गेले कित्येक महिने बटण दाबलं होतं. जेवण झालं की गोळी दादाच्या तळहातावर ठेवायची, पाण्याचा पेला द्यायचा, आणि गोळी जिथे असायला हवी तिथे आहे असं धरून भांडी घासायला वळायचं.

पूर्वी असं नव्हतं. आई होती तोवर बेसिनजवळच्या खिळ्याला एक छोटा टॉर्च टांगलेला असे. गोळी घेतली की दादा तोंड उघडायचा, आई म्हणायची, "जीभ वर कर," आणि टॉर्चच्या उजेडात गालांच्या कोपऱ्यांपर्यंत बघायची. आई गेली तेव्हा दागिने थोडे आणि हा टॉर्च असा वारसा हिच्याकडे आला. हिनेही बरीच वर्षं जीभ वर करायला लावली. पण दादा नकाशे काढणारा माणूस होता. मोठ्या कचेरीत त्याच्या हातची रेघ नावाजलेली, हिला पहिल्यांदा कंपास धरायला त्यानेच शिकवलं होतं, "रेघ ओढताना श्वास धरून ठेवायचा, संपली की सोडायचा." त्या माणसाने, डोक्याचे केस पांढरे झालेल्या माणसाने, रोज तोंड वासून उभं राहावं आणि धाकट्या बहिणीने आत डोकवावं, याची गेल्या वर्षी एका संध्याकाळी तिची तिलाच इतकी लाज वाटली की टॉर्च खिळ्यालाच राहू देऊन ती म्हणाली, "जाऊ दे. झालं." तो म्हणाला, "बरं झालं. माझे दात बघून कंटाळली असशील." तेव्हा आपण फार मोठ्या मनाचं काहीतरी केलं असं वाटून तिला छान झोप लागली होती.

आणि पूर्वी एकदा त्याने गोळ्या सोडल्या होत्या तेव्हाचं ती विसरली थोडीच होती! तेव्हाही पहिले काही महिने तो इतका उत्साही होता की आईने आनंदाने शेजाऱ्यांना बोलावून चहा पाजला. गोळीने येणारी झोप गेली, हाताची थरथर गेली, तोंडाला सुटणारं पाणी गेलं. मग चौथ्या महिन्यात एका दुपारी त्याने स्वतःला बाथरूममध्ये कोंडून घेतलं. नळाच्या पाइपातले लोक आपल्याबद्दल बोलतायत, आणि आपण बाहेर आलो तर ते बारकीला ऐकू जाईल, असं तो आतून ओरडून सांगत होता. शेवटी सुताराला बोलावून दार कापावं लागलं. दाराला कडीच्या जागी नव्या लाकडाचा चौकोन आला आणि कडी परत कधीच बसली नाही. त्या दिवसापासून या घरात बाथरूममध्ये गेलेला माणूस खोकतो नाहीतर गुणगुणतो. अलीकडे दादा गुणगुणत होता. स्वयंपाकघरात ते ऐकून ती मनाशी म्हणायची, बघा, किती खुशीत आहे.

ती कसं फसली हे आता एकेक करून तिच्यापुढे येऊन बसत होतं. बोलावणं आलं तेव्हा तिने आधी नाही म्हटलं होतं. मावशीला फोनवर सांगितलं होतं, "अगं, दिवसभर झोपलेल्या माणसाला टाकून मी कशी जाऊ? आणि तू तरी त्याला कशी उठवणार, बसवणार?" आणि मग बघता बघता दादा उठून बसला. सकाळी तिच्याआधी दूध तापवू लागला. पेपरातल्या चुका काढू लागला. माळ्यावरचा ड्रॉइंग बोर्ड खाली उतरवला, आणि ती जाणार त्या गावाचा छापील नकाशा मिळवून त्यावरून तिच्यासाठी मोठा नकाशा काढायला घेतला: राहायची जागा, यंत्राची गोल इमारत, मधला पूल, पाव कुठे मिळतो, ऊन असेल तर कुठल्या फुटपाथने जायचं. काय ती रेघ! केसासारखी बारीक आणि कुठे म्हणून हललेली नाही. ती रेघ बघून मावशी म्हणाली, "एवढा बरा आहे तर मी येऊन राहते की. दोघं पत्ते खेळू." ती रेघ बघूनच हिने होकार कळवला, तिकीट काढलं. आणि रेघ सांगत होती ते भलतंच. गोळी पोटात असती तर हात थरथरला असता. इतकी वर्षं थरथर बघून, तो हात अचानक थांबला कसा, हे तिला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. वाटलं नाही की वाटून घेतलं नाही? इथे मात्र ती मनातल्या मनातसुद्धा गप्प बसली.

शेपटीच्या टोकाच्या नायट्रोजनवर फुगवटा सापडला. अगदी स्पष्ट. तो हायड्रोजन पाण्याच्या रेणूकडे तोंड करून होता, आणि त्या पाण्याचे स्वतःचे दोन हायड्रोजन दोन बाजूंच्या दोन क्लोरीनांकडे. हायड्रोजन बंध म्हणजे काही घट्ट गाठ नव्हे. हायड्रोजन एकाचा असतो, पण बसतो दुसऱ्याकडे तोंड करून, एवढंच. एकेकटा असला तर कधी तुटेल सांगता येत नाही. पण हजारोंनी एकत्र आले की त्यांच्यावर अख्खा खडा उभा राहतो. हा पाण्याचा रेणू असा तिघांच्या तावडीत सापडलेला होता. त्याला कुणी बांधलेलं नव्हतं आणि त्याला हलायलाही जागा नव्हती. तो निघून गेला की खडा पांढरा पडायचा. तिला क्षणभर स्वतःचीच दया आली, आणि मग रागही आला. असल्या उपमा निरोपसमारंभात साहेबांनी द्याव्यात. पाण्याला कुठे जायचं नसतं. पाण्याने तिकीट काढलेलं नसतं.

"निघालं का तुझं रत्न?" खुर्चीचा आवाज न होताही पावडरवाली आलीच. हातात दोन चहा. "अगंबाई, किती छान निघालंय! हे कोण गं पसरलंय एवढं? साबण आहे?"

"नाही," ती म्हणाली. "आहे आपलं काहीतरी. औषध असेल."

"बाथरूममध्ये औषध?"

"पडलं असेल कधी."

"मग तोंड का एवढं उतरलंय? नवीन आहे ना? जायच्या आत दोन पानं लिहून टाक. तिकडे पोचशील तेव्हा ताजं नाव छापून आलेलं असेल." पावडरवालीने चहाचा घोट घेतला. "कसं बनवलं तेवढं मात्र नीट लिही हो. ते तपासणारे खवट असतात. किती द्रावण, किती दिवस, कोणी ढवळलं..."

कोणी ढवळलं. तिने चहाचा पेला दोन्ही हातांनी धरला. एक मोठा भाऊ घ्यावा. त्याच्या जिभेखाली गोळी ठेवावी. कडी नसलेल्या बाथरूममध्ये त्याला गुणगुणत पाठवावं आणि बहिणीने बाहेर भांडी घासत राहावं. तिच्या घशातून जो आवाज आला तो हसण्याचा की कशाचा हे पावडरवालीला समजलं नसावं, कारण ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "घर सोडायचं म्हणून वाटतंय ना? वाटतं गं. सगळ्यांना वाटतं. विमानात बसलीस की उतरेल." तिने मान डोलावली. पावडरवाली गेल्यावर तिने फाइल बंद केली. नाव द्यायच्या चौकटीत तिने काहीच लिहिलं नाही.

घरी जाताना तिने नेहमीचा रस्ता सोडून लांबचा घेतला. चष्म्याच्या दुकानापुढे ती उगाच उभी राहिली, फळवाल्याकडे न लागणारी फळं घेतली. न सांगताही येईल, असं एक मन म्हणत होतं. फाइल पुसून टाकायची, बादली भंगारवाल्याला द्यायची. कदाचित या खेपेला तो खरंच बरा झाला असेल. चार महिने तर केव्हाच उलटून गेलेत. होतात की माणसं बरी. मावशी येईल, पत्ते खेळतील. आणि तिकडे त्या गोल इमारतीत बसून ती रोज फोनची वाट बघेल, दार कापायला सुतार मिळाला का हे विचारण्यासाठी. दुसरं मन म्हणत होतं, सांग, टॉर्च काढ, गोळी चालू कर. मग आठवडाभरात तो पुन्हा खुर्चीत पेंगायला लागेल, नकाशा अर्धाच राहील, मावशी म्हणेल, "बाई, हे मला झेपायचं नाही." दोन्ही रस्ते फिरून त्याच दाराशी येत होते, आणि खरं सांगायचं तर जिना चढताना तीही त्या दाराशी येऊन पोचलीच होती. तिला दादाचा राग आला. तिने दाराला किल्ली लावली.

दादा खिडकीशी बोर्डावर वाकलेला होता. पुलाखालच्या नदीत शाई भरत होता. त्याने मान वर केली, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि लेखणी पुसून खाली ठेवली.

"निघालं?"

"निघालं."

"सगळं कळलं?"

"सगळं."

तो बोर्डावरून सरळ झाला. मग म्हणाला, "भारीच आहे हं तुमचं यंत्र." त्यात थट्टा नव्हती. कामाच्या माणसाने दुसऱ्याच्या कामाला दिलेली दाद होती ती. तिला ओरडायचं होतं, ते राहूनच गेलं. फळांची पिशवी हातात तशीच धरून ती समोरच्या स्टुलावर बसली.

"बादलीत का टाकल्यास, दादा? वाहून का नाही टाकल्यास?"

"रोज गोळीनंतर पाणी ओढलं असतं तर तुला आवाज आला असता. खिडकीतून टाकल्या तर खाली मांजरं असतात. बादलीकडे कोण बघतंय असं वाटलं." तो जरा ओशाळून हसला. "मला काय माहीत तिथे बाग फुलेल म्हणून."

"का सोडल्यास?"

"तू मावशीला फोन करत होतीस. झोपलेल्या माणसाला टाकून कशी जाऊ, म्हणालीस. मी झोपलो नव्हतो तेव्हा. डोळे मिटून पडलो होतो." त्याने नकाशाची कड बोटाने सरळ केली. "म्हटलं, उठून बसावं. आपण जागे दिसलो की ती जाईल. गोळी घेऊन जागं दिसता येत नाही गं. खूप प्रयत्न केला मी. नाही जमत."

इतकी वर्षं तिने त्याला धरून ठेवलं असं ती समजत आली होती. तो तिला सोडवायला निघाला होता, हे तिच्या कुठल्याच हिशेबात नव्हतं. आता त्याच्यावर रागावायचीही सोय उरली नाही. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. तो अवघडून बोर्डावरचा खोडरबर इकडचा तिकडे करत राहिला.

"आणि आवाज?" डोळे पुसून तिने विचारलं. "पाइपातले?"

"नाहीत."

"खरं सांग."

नळ थेंब थेंब गळत होता. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

"थोडे आहेत," तो म्हणाला. "पण आता सभ्य झालेत. हळू बोलतात. पहिल्यासारखं अंगावर येत नाहीत."

"कधीपासून?"

"तू तिकीट काढलंस त्या सुमारास. पण बारके, मी त्यांना सांगितलंय, ती जाईपर्यंत दम धरा. ऐकतात ते माझं. महिन्याचा तर प्रश्न आहे. तू विमानात बसलीस की मी पुन्हा चालू करणार होतो. मावशीला सांगून. शपथ."

शपथेची गरज नव्हती. तो खोटं बोलत नव्हता हे तिला कळत होतं, आणि महिनाभराने तो गोळी सुरू करण्याच्या स्थितीत नसेल हेही कळत होतं. पाइपातल्या माणसांना दम धरायला सांगणारा माणूस किती दम धरणार! ती उठली. फळं टोपलीत ठेवली. डॉक्टरांना फोन लावला आणि त्यांनी सांगितलं ते नीट ऐकलं: आधीच्या डोसवर एकदम जायचं नाही, आज अर्धी द्या, उद्या सकाळी दोघंही इकडे या. मग तिने अर्धी गोळी सुरीने कापली. कापताना पिवळी भुकटी पाटावर सांडली, ती बोटाने गोळा करून तिने तीही त्याच्या तळहातावर ठेवली. ही भुकटी आतून कशी दिसते हे तिने आजच पडद्यावर पाहिलं होतं, वाकलेल्या पुस्तकासारखं सात अणूंचं वलय आणि त्याची शेपटी. तिने पाण्याचा पेला पुढे केला.

त्याने गोळी घेतली, पाणी प्यायला, घशाचा मणी वरखाली झाला. तिला "जीभ वर कर" म्हणवेना. त्यानेच बेसिनपाशी जाऊन खिळ्यावरचा टॉर्च काढला, तिच्या हातात दिला, दिव्याखाली उभा राहिला आणि तोंड उघडून जीभ वर केली. तिने पाहिलं. डावा गाल, उजवा गाल, जिभेखालची निळी शीर. काही नव्हतं.

"झालं," ती म्हणाली आणि टॉर्च विझवला.

"आता तू," तो म्हणाला.

"मी काय?"

"बस. तोंड उघड." त्याने तिच्या हातातून टॉर्च घेतला. "मघापासून काहीतरी जिभेखाली धरून बसली आहेस. बघू दे."

"दादा, काहीतरीच काय!"

"उघड म्हणतो ना."

तो मोठा भाऊ होता. कंपास धरायला शिकवताना याच आवाजात बोलला होता. ती स्टुलावर बसली, मान मागे टाकली आणि तोंड उघडलं. तो वाकला. उजेड तिच्या दातांवरून आत गेला. त्याने अगदी आईसारखं, घाई न करता, कोपऱ्याकोपऱ्यातून पाहिलं. तिने श्वास धरून ठेवला होता.

"दिसतंय," तो म्हणाला. "जाणार नाहीयेस तू."

टॉर्चचा उजेड तिच्या तोंडात एका जागी पडला होता आणि जराही हलत नव्हता. गोळी सुरू झाली की आठवडाभरात तो हलू लागणार होता. त्याचा हात आणखी थोडा वेळ असाच राहावा म्हणून तिने तोंड मिटलं नाही.